बाहेर आलेले २९ मिलिमीटर

जुलैतली रात्र होती. नातेवाइकांकडचा साखरपुडा आटोपून आम्ही शहागडकडून अंबडला परतत होतो. गाडीत अण्णा, आई, बायको, मुलगी आणि मी, डिकीत आहेराच्या पिशव्या. वाडीगोद्री मागं पडली. पाऊस सुरूच होता आणि खड्डे पाण्यानं भरलेले, त्यामुळे खोली कळत नव्हती. एका खड्ड्यात मागचं डावं चाक आदळलं, फट्‌ असा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढली जाऊ लागली. वेग कमी होता म्हणून निभावलं. ब्रेक न दाबता गाडी कडेला घेतली.

मोबाइलच्या उजेडात टायर पाहिला आणि अंगावर काटा आला. खड्ड्यानं रिमची कड वाकवली होती, पण त्याहून वाईट गोष्ट वर दिसली. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर सुरीनं ओढावी तशी चीर सगळ्या घेराला पडलेली होती. ती एका रात्रीत पडलेली नव्हती. महिनोन्‌महिने माझ्याच गाडीच्या मडगार्डची कड तो टायर कापत होती आणि त्याच टायरवर मी घरच्या चार माणसांना फिरवत होतो.

हे का झालं, ते मला नंतर आकड्यांत समजलं. ज्यांना गाडीला रुंद अलॉय चाकं बसवायची आहेत, त्यांनी ते आकडे पैसे देण्याआधी समजून घ्यावेत, म्हणून हे लिहितो आहे.

आदल्या दसऱ्याला मोसंबीच्या आंबे बहाराचे पैसे हातात आले होते. घरची गाडी साधी हॅचबॅक, १५ इंची लोखंडी डिस्क, टायर १८५/६५ आर १५. शहरातल्या एका दुकानात १७ इंची अलॉयचा जोड नजरेत भरला. दुकानदारानं विचारलं, “चार नट, शंभर पीसीडी ना? मग बसतील, भाऊ.” पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. मीही तेवढंच ऐकलं. नटांची भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं, अशी माझी समजूत होती. २०५/४५ आर १७ टायरसह चारही चाकं तासाभरात बसली. गाडी रुंद आणि ठेंगणी दिसू लागली. गावात लोक थांबून पाहत.

एकटा फिरलो तोवर काही जाणवलं नाही. मग चतुर्थीला सगळे राजूरला निघालो. पाच माणसं बसल्यावर प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून ‘खर्र’ असा आवाज. दुकानात नेली, तर त्यांनी चाकावरचं आतलं प्लॅस्टिक थोडं कापून दिलं. आवाज कमी झाला आणि मी निश्चिंत झालो. ती माझी सर्वांत मोठी चूक. आवाज ही गाडीनं दिलेली सूचना होती. मी सूचना बंद केली, कारण तसंच ठेवलं.

पुढं स्टिअरिंग जड लागू लागलं. रस्त्यावर जड वाहनांच्या चाकांनी पडलेल्या घळीत गाडी शिरली की स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं. एकदा जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढलो, तर शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं, फरक नाही. हिवाळा सरता सरता पुढच्या चाकातून घूं घूं आवाज येऊ लागला. बेअरिंग गेलं होतं.

अण्णांनी मात्र पहिल्याच आठवड्यात टोकलं होतं. त्यांचं अर्धं आयुष्य बैलगाडी हाकण्यात गेलं. चाकाकडे बघून म्हणाले, “चाक आसावर बाहेर सरकलंय बघ. बाहेरच्या चाकानं आस झिजतो, बैलालाही जड जातं.” त्यांना ऑफसेट हा शब्द ठाऊक नव्हता, पण गोष्ट तीच होती. पूर्वी पाणंदीत चाकोऱ्या पडायच्या आणि दोन चाकांतलं अंतर त्या चाकोरीला जुळावं लागायचं. चाक कुठं उभं राहावं याला हिशेब असतो, हे त्यांच्या पिढीला सांगावं लागत नव्हतं.

त्या रात्रीनंतर जालन्यात अलाइनमेंट करणाऱ्या एका वयस्कर चाचांकडे गाडी नेली. त्यांनी आधी यंत्र लावलंच नाही. माझी जुनी लोखंडी डिस्क आणि नवं अलॉय शेजारी पालथं ठेवलं आणि पाठीवर कोरलेलं वाचायला सांगितलं. जुन्यावर ५.५ जे, ईटी ४५. नव्यावर ७ जे, ईटी ३५. “दादा, हे वाचून घेतलं असतं तर इथं यावं लागलं नसतं,” एवढंच ते म्हणाले.

हे आकडे काय सांगतात

‘जे’च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी, इंचांत. ती टायरची कड जिथं बसते त्या दोन बैठकांमधली मोजतात, बाहेरच्या ओठांपासून नव्हे. ‘ईटी’ म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. हे जर्मन शब्दाचं लघुरूप जगभर रूढ झालं आहे. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ कल्पा. चाक हबला ज्या सपाट तोंडानं चिकटतं, ते तोंड या रेघेपासून किती दूर, तो ऑफसेट. तोंड बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर आकडा अधिक. आजच्या बहुतेक मोटारींचा तो अधिकच असतो. आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर येतं.

आता माझा हिशेब. रुंदी दीड इंचानं वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यातली निम्मी, १९ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला. शिवाय ऑफसेट १० नं कमी झाला, म्हणून सगळं चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड १९ अधिक १०, म्हणजे २९ मिलिमीटर मडगार्डकडे सरकली. आतली कड १९ वजा १०, म्हणजे ९ मिलिमीटर शॉकअपच्या नळीकडे गेली.

या तीन आकड्यांचं काम वेगवेगळं आहे. २९ मिलिमीटरनं मडगार्डला टायर कापायला दिला. आतल्या ९ मिलिमीटरनं शॉकअपजवळची मोकळी जागा खाल्ली. आणि ऑफसेटच्या १० मिलिमीटरनं बेअरिंग आणि स्टिअरिंगला त्रास दिला, कारण गाडीचं ओझं जिथं जमिनीवर टेकतं ती जागा हबपासून तेवढी लांब गेली. घागर अंगालगत धरली तर हलकी लागते, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. बेअरिंगचंही तसंच.

थरथरीचं कारण आणखी वेगळं निघालं. हबच्या मधल्या उंचवट्यावर चाकाचं मधलं भोक बसतं. कितीतरी लहान गाड्यांत हा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा असतो. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून ७३.१ मिलिमीटरच्या भोकाचे येतात. मधल्या फटीत कडं बसवलं नाही, तर चाक केवळ नटांवर तोललं जातं आणि केसभर एका बाजूला सरकून बसतं. माझ्या चाकांत कडी नव्हतीच.

घेण्याआधी काय करावं

आधी जुन्या डिस्कच्या पाठीवरचे आकडे कागदावर उतरवा. गंजामुळे दिसत नसतील तर मोजता येतात. टायर काढलेली रिम पालथी ठेवा, पाठीवर आडवी सरळ पट्टी टेकवा आणि पट्टीपासून हबच्या तोंडापर्यंतची खोली मोजा. मग रिमची ओठासकट पूर्ण रुंदी मोजून तिची निम्मी करा. खोलीतून ती निम्मी वजा केली की ऑफसेट मिळतो. माझ्या डिस्कची पूर्ण रुंदी १६५, निम्मी ८२.५, खोली १२७.५, म्हणून ईटी ४५.

मग गाडीतली मोकळी जागा मोजा, आणि ती भरल्या गाडीची. घरची पाच माणसं बसवा, डिकीत नेहमीचं सामान टाका. गवंडी वापरतात तसा ओळंबा मडगार्डच्या कडेपासून सोडा आणि दोरी व टायरचा बाहेरचा फुगवटा यांतलं अंतर पाहा. दोरीच्या बाहेर येणारं चाक घेऊ नये. आत हात घालून शॉकअप आणि टायर यांत किती जागा आहे तेही पाहा. पुढची चाकं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तपासा. मराठवाड्यात काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात खचतो, त्यामुळे इथं चाक वरखाली जास्त होतं. दुसरीकडे जे जेमतेम बसतं, ते इथं घासतं.

रुंदी वाढवायचीच असेल तर अर्ध्या इंचावर थांबा आणि ऑफसेट तोच ठेवा. ५.५ जे वरून ६ जे, ईटी ४५च, असं केलं तर आत आणि बाहेर फक्त सहा-सहा मिलिमीटर वाढतात आणि ओझं जिथल्या तिथं राहतं. ऑफसेटमध्ये पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी आता स्वीकारत नाही. ‘स्पेसर टाकून जमवू’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. दहा मिलिमीटरची चकती म्हणजे ऑफसेट दहानं कमी, शिवाय नटाला पकडायला आटे कमी.

टायर रिमला शोभणारा हवा. १८५/६५ आर १५ साधारण ५ ते ६.५ इंची रिमवर चालतो, १९५/५५ आर १६ हा ५.५ ते ७ इंचीवर. उंचीही जुळवा. माझ्या मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, १९५/५५ आर १६ चा ६२०.९. ही जोडी जवळजवळ तंतोतंत आहे. मी घेतलेल्या १७ इंचीचा व्यास ६१६ होता, पण बाजूची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर आली होती. खड्ड्याचा मार झेलायला उरलेलं रबर तेवढंच, म्हणून रिम वाकली.

टायरवरचा वजनाचा आकडा तर कुणी पाहतच नाही. माझ्या जुन्या टायरवर ८८ होतं, म्हणजे एका टायरला ५६० किलो. नव्यावर ८४, म्हणजे ५००. मोसंबीचे क्रेट वाहणाऱ्या गाडीला मी प्रत्येक चाकामागं ६० किलोंची ताकद कमी करून दिली होती. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीनं टायरचं माप आणि हवेचा दाब दिलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहा. वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

रिमवर आयएसआयची खूण मागा, आयएस १६१९२ हे रिमचं भारतीय मानक आहे. मधल्या भोकाचं कडं मागा. नटांची बैठक नव्या रिमशी जुळते ना ते पाहा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. कंपनी त्याच गाडीच्या वरच्या प्रकारात जी चाकं देते, ती निवडणं म्हणूनच सर्वांत सुरक्षित. बदल केला तर विमा कंपनीला लेखी कळवा.

वेगाचंही भान ठेवा. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटर खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. मोटारीला तिथं ताशी १२० ची मर्यादा आहे. आपल्या दारातून असा रस्ता जातो, तेव्हा गावात चाळीसनं चालताना सोसलेली चूक तिथं सोसता येत नाही. चिरलेला तो टायर मी समृद्धीवर नेऊन आलो होतो, हे आठवलं की आजही झोप उडते.

गोठ्यात ठेवलेल्या चारही जुन्या डिस्क मी घासून पुन्हा बसवल्या. बेअरिंग बदललं, मडगार्डची कड सरळ केली. थरथर गेली, ओढणं गेलं. उरलेले अलॉय भाच्यानं मागितले. त्याची गाडीही माझ्यासारखीच. मी दिले नाहीत. तो रुसला, तेव्हा त्याला गाडीपाशी नेलं, जॅक लावून चाक उतरवलं आणि डिस्क पालथी करून म्हणालो, “आधी पाठीवर काय कोरलंय ते वाच.”