क्रोमचं अपडेट : खरं कुठलं, खोटं कुठलं, आणि 'आपोआप' होणारं अडतं कुठे



गेल्या महिन्यात आपल्या एका सभासदाच्या खात्यातून 42 हजार रुपये गेले. तळ्यात सोडायच्या बोटुकलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. नाव आम्ही सांगत नाही, पण झालेली गोष्ट सगळ्यांना कळू द्या असं त्यांनीच सांगितलं.

झालं असं. रात्री फोनवर एक व्हिडिओ शोधताना मधेच लाल पान उघडलं. 'तुमचं क्रोम जुनं झालं आहे, लगेच अपडेट करा, नाहीतर फोन बंद पडेल.' खाली मोठं बटण. दाबलं, एक फाइल उतरली. ही फाइल अनोळखी ठिकाणाहून आली आहे, असं फोनने स्वतः बजावलं, पण घाईत तिथेही 'अलाऊ' दाबलं गेलं. नवीन ॲपचं चित्र अगदी क्रोमसारखंच गोल. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, मग 'पडताळणीसाठी' म्हणून कार्डाचा नंबर मागितला. दोन्ही दिलं. पुढचे ओटीपी त्या ॲपनेच वाचले आणि पलीकडे पाठवले. सकाळी उठून बघतात तर खातं रिकामं. त्यांनी लगेच 1930 ला फोन लावला म्हणून काही रक्कम वाटेत अडवता आली, सगळी नाही.

आता खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. ही बातमी पसरल्यावर चार-पाच जणांनी ऑफिसात येऊन अभिमानाने सांगितलं, "आम्ही अपडेटच बंद करून टाकलं, कटकट नको." म्हणजे चोर खिडकीतून आला म्हणून आम्ही दाराची कडी काढून ठेवली! म्हणून हा लेख.

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट उघडतो ते ॲप. बहुतेकांच्या फोनमध्ये क्रोम असतं. एनएफडीपीची नोंदणी आपण यातूनच केली, आधार आणि बँकेचा तपशील यातूनच भरला. आणि बाहेरची कुठलीही अनोळखी वेबसाइट आत येते तीही याच दारातून.

या दाराला भोकं पडतात. सप्टेंबर 2023 ची गोष्ट बघा. वेबपी नावाचा फोटोचा एक प्रकार आहे. हे फोटो उघडून दाखवणाऱ्या भागात चूक सापडली. मुद्दाम बिघडवलेला फोटो नुसता पानावर दिसला तरी त्यातून आत शिरता येत होतं. बटण दाबायला नको, फाइल उतरवायला नको. क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळ्यांतच तो भाग वापरलेला होता. गूगलने 11 सप्टेंबरला दुरुस्ती काढली, फायरफॉक्सने दुसऱ्या दिवशी. ज्यांचं अपडेट चालू होतं त्यांना यातलं काही कळलंसुद्धा नाही. ज्यांनी बंद ठेवलं होतं, त्यांचं भोक तसंच राहिलं.

आणखी एक गोष्ट आम्हालाही आधी माहीत नव्हती. क्रोम ज्यावर बनलं आहे तो कोड जगाला उघडा आहे, कोणीही वाचू शकतो. म्हणजे भोक बुजवलं की कुठे बुजवलं हे चोरालाही दिसतं. मग तो ज्यांनी अजून अपडेट घेतलेलं नाही अशांना शोधत फिरतो. दुरुस्ती आली की उशीर करणं जास्त धोक्याचं होतं ते यामुळे. म्हणूनच ऑगस्ट 2023 पासून क्रोमची सुरक्षेची दुरुस्ती दर आठवड्याला येते. पूर्वी ती दोन-दोन आठवड्यांनी यायची. नावेला वर्षातून एकदा डांबर लावलं की भागतं, इथे आठवड्याचा हिशेब आहे. तो लक्षात ठेवणं आपल्याच्याने होणार नाही, म्हणून ते आपोआप व्हायला हवं.

पण आपोआप म्हणजे खरंच आपोआप का? आम्ही सभासदांचे 20-22 फोन घेऊन बघितले, तर अर्ध्याहून जास्त फोनमध्ये क्रोम कित्येक महिने जुनं. त्यांनी काही बंद केलं नव्हतं. मग अडलं कुठे?

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण वाय-फाय. प्ले स्टोअरमध्ये 'फक्त वाय-फायवर अपडेट करा' असं लावलेलं असतं. आपल्या किती घरांत वाय-फाय आहे? तळ्यावर तर प्रश्नच नाही. म्हणजे तो फोन वाय-फायची वाट बघत बसतो आणि वर्षभर अपडेट होत नाही. उपाय सोपा आहे. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबा, सेटिंग्ज, मग नेटवर्क प्रेफरन्सेस, मग ऑटो-अपडेट ॲप्स. तिथे 'ओव्हर एनी नेटवर्क' निवडा. फोनची भाषा कन्नड असेल तर शब्द कन्नडमध्ये दिसतील, पण क्रम हाच. डेटा संपेल म्हणून घाबरू नका, तास-दोन तास रील बघण्यात जेवढा जातो त्यापुढे हे काहीच नाही.

एवढं केलं की प्ले स्टोअरमध्येच क्रोम शोधा. 'अपडेट' दिसलं तर दाबा, 'ओपन' दिसलं तर झालेलं आहे. त्याचबरोबर 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' हेही शोधून अपडेट करा. हे नाव कोणी ऐकलेलं नसतं, पण दुसरी ॲप्स आपल्या आतच एखादं वेबपान उघडतात ती याच्याच जोरावर.

दुसरं, जागा नसणं. लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगचे फोटो यांनी फोन भरला की अपडेटला जागा उरत नाही. यावर जास्त काय सांगायचं!

तिसरं कारण जुना फोन, आणि हे जरा मनाला लागणारं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये क्रोमची 139 वी आवृत्ती आली, तिला अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचं लागतं. अँड्रॉइड 8 आणि 9 चे फोन 138 वर थांबले ते थांबलेच, सेटिंग काहीही लावा. आता आपल्या घरात काय होतं? नवीन फोन पोराला, त्याचा जुना वडिलांना, वडिलांचा त्याहून जुना आईला. आणि बाजारात मासळी विकायला बसते ती आई. क्यूआर कोड तिच्यासमोर, पैसे येतात ते तिच्या त्याच जुन्या फोनवर. घरातला सगळ्यात कच्चा फोन पैशांच्या कामाला, आणि सगळ्यात पक्का गेम खेळायला. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइडचा नंबर बघा. 8 किंवा 9 असेल तर बँकेचं काम त्या फोनवरून काढा. नवीन घ्यायला पैसे नसतील तर घरातल्या घरात अदलाबदल करा, पोरं दोन दिवस रुसतील.

चौथं कॉम्प्युटरवाल्यांसाठी. तिथे क्रोम अपडेट स्वतः उतरवून ठेवतं, पण ते लागू होतं क्रोम बंद करून पुन्हा उघडल्यावर. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू आणि वर वीस टॅब उघडे, तर अपडेट दारातच उभं राहतं. वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम एवढं करा. 'रीलाँच' असं बटण आलं तर दाबा.

ही शिकवण देताना आमचंच झाकण उघडं पडलं. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं तर क्रोम 109! विंडोज 7 आहे ना, त्यावर 2023 च्या सुरुवातीलाच क्रोम थांबलं. एवढे दिवस आम्ही त्यावरूनच सभासदांचे फॉर्म भरत होतो. आता बँकेचं आणि आधारचं काम त्यावर बंद केलं आहे, आणि नवीन कॉम्प्युटरचा विषय पुढच्या सभेत ठेवतो आहोत. खर्चाला विरोध करणाऱ्यांनी आधी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता खरं-खोटं कसं ओळखायचं. खरं अपडेट तुमच्या प्ले स्टोअरमधून किंवा क्रोमच्या स्वतःच्या मेनूतून येतं. वेबसाइटचं पान, व्हॉट्सॲपचा मेसेज, फोन करणारा माणूस, यांच्याकडून ते कधीच येत नाही. खरं अपडेट घाबरवत नाही, पैसे मागत नाही, कार्ड मागत नाही, मेसेज वाचायची परवानगी मागत नाही. आणि शेवटी 'एपीके' असं लिहिलेली फाइल, मग ती क्रोमच्या नावाने असो, आरटीओ चलनाच्या, बँकेच्या की लग्नपत्रिकेच्या, उघडायचीच नाही. लाल पान आलं तर त्यावरचं 'नको' किंवा फुलीसुद्धा दाबू नका. ती टॅबच बंद करा.

चुकून दाबलंच तर? आधी फोनचं इंटरनेट बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 ला कळवा. रात्र असली तरी थांबू नका, लाजू तर मुळीच नका. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवरही करता येते. ते ॲप आणि फोन साफ करायचं काम त्यानंतर.

येत्या शनिवारी आणि रविवारी सकाळी 10 ते 1 ऑफिसात बसून आम्ही सगळ्यांचे फोन तपासून सेटिंग लावून देणार आहोत. पैसे लागणार नाहीत. मासळी विकणाऱ्या ताई-मावशींनी बाजार आटोपून उशिरा आल्या तरी चालेल, आम्ही थांबू. येताना फोन चार्ज करून आणा. पिन किंवा पासवर्ड आम्हाला सांगू नका, लागला तर तुमच्या हाताने टाका.

आपला,
सचिव