बुधवारच्या रात्रीचा फोन

चिऊ, परवा रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. एवढ्या रात्री म्हणजे घरी कुणाला काही झालं की काय! आणि तू रडवेल्या आवाजात म्हणालीस, "ताई, उद्याचा भागच नाहीये गं माझ्याकडे." मला हसू आलं, पण पोटात कालवलंही. कारण ही रात्र माझ्या ओळखीची आहे. मीही ती काढली आहे, एकदा नव्हे, बऱ्याचदा.

तरी तू भाग केलासच. काल सकाळी मेथी निवडता निवडता ऐकला. आता रागावू नकोस, बाकीचे "मस्त गं" म्हणून मोकळे होतील, मी तुझी बहीण आहे. पहिल्या मिनिटापासून पंख्याची घरघर येतेय. "तर... हां... तर" इतक्या वेळा आलं की मी जुड्या सोडून तेच मोजायला लागले. आणि डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरचा किस्सा तू एप्रिलमध्ये सांगून झाला आहेस. गंमत म्हणजे तुझ्याकडे सामग्रीची काडीमात्र कमतरता नाही. एसटीवर पॉडकास्ट करणारी मुलगी तू, अख्ख्या महाराष्ट्रातले स्टँड, कंडक्टर, मुक्कामाच्या गाड्या, कँटीनचा चहा हे सगळं तुझंच आहे. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. काय करायचं हे तू दर बुधवारी रात्री ठरवतेस, आणि त्या वेळी माणसाला काहीच सुचत नाही. सुचतो तो आधी सांगितलेलाच किस्सा.

बोलता बोलता तुला एकदम आठवलं, "अगं, परवा 1 जून होऊन गेला!" 1 जून 1948 ला तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली, हे मला कुणी शिकवलं? तूच. 78 वर्षं पूर्ण झाली, आणि एसटीचा पॉडकास्ट त्याबद्दल गप्प. ही तारीख काही अचानक उगवली नव्हती. जानेवारीपासून भिंतीवर होती.

भिंतीवरून आठवलं. तुला वाटतं मी फार शिस्तीची बाई आहे. छे गं, माझं गॅसचं बुकिंग अजून सिलिंडर संपल्यावरच होतं. माझ्या पॉडकास्टचं वेळापत्रक म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय, ज्यावर दुधाचे खाडे लिहितो तेच. दुधाचं निळ्या पेनने, पॉडकास्टचं पेन्सिलीने. बुधवारच्या चौकोनात विषय, आणि त्याच्या आधीच्या चौकोनांत बारीक अक्षरात रे, ए, अ. रेकॉर्डिंग, एडिटिंग, अपलोड. मी उलटं मोजते. भाग बुधवारी पहाटे सहाला बाहेर पडायचा, तर सोमवारी रात्री अपलोड व्हायला हवा. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर माझे पाच तास जातात. एकदा नुसतं ऐकायचं, मग कापायचं, मग दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने परत ऐकायचं. एका बैठकीत हे होत नाही, म्हणून शनिवार-रविवार त्याला. म्हणजे रेकॉर्डिंग आदल्या गुरुवारपर्यंत. आणि पाहुणा असेल तर त्याला निदान आणखी आठवडाभर आधी फोन. मोजून बघ, पंधरा दिवस झाले. तू हेच पंधरा दिवस एका रात्रीत कोंबतेस.

शिवाय एक जुनी वही आहे. तिच्यात तारीख, विषय, पाहुणा, आणि चौथा रकाना "कुठे अडलंय". सगळ्यात उपयोगी तोच. "लोणच्याच्या काकू लेकीकडे गेल्यात, 20 नंतर." "पाटा-वरवंट्याचा आवाज नीट आला नाही, परत घ्यायचा." नुसत्या विषयांची यादी कुणीही करतं गं. काम पुढे सरकतं ते कुठे अडलंय हे डोळ्यासमोर असल्यावर.

आता माझी फजिती ऐक. तुला कधी सांगितली नव्हती. 2022 ला गणेश चतुर्थी 31 ऑगस्टला होती, बुधवारीच. उकडीच्या मोदकांचा भाग नेमका त्या पहाटे टाकला. बायकांनी ऐकता ऐकता पाऱ्या केल्या, कळ्या पाडतानाचे फोटो पाठवले. मी हवेत! पुढच्या वर्षी मी शहाणीनं काय केलं, तर जुन्याच वेळापत्रकाची नक्कल मारली. ऑगस्टचा शेवटचा बुधवार म्हणजे मोदक. 2023 ला श्रावण अधिक होता, हे माझ्यासारख्या व्रतवैकल्यांवर तासतासभर बोलणाऱ्या बाईच्या लक्षातच नाही! भाग आधीच अपलोड करून तारीख-वेळ लावून ठेवला होता, तो 30 ऑगस्टला आपला आपण बाहेर पडला. त्या दिवशी नारळी पौर्णिमा. गणपती 19 सप्टेंबरला. सकाळी सातला एका श्रोत्या काकूंचा मेसेज, "ताई, आमच्याकडे आज नारळीभात आहे हो."

तेव्हापासून वर्षाचं वेळापत्रक मी नवीन कालनिर्णय आल्यावरच करते, पंचांग बघून. यंदा तर तूही बघच, ज्येष्ठ अधिक आहे, चालूच आहे आत्ता. (तुझ्या भाऊजींना आईने अनारसे पाठवलेत, तुझा वाटा डब्यात काढून ठेवलाय.) म्हणून आषाढी 25 जुलैला गेलीये, गणपती 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला.

आणि हे तुला माझ्याहून जास्त लागू आहे. कसं ते बघ. आषाढीच्या जादा गाड्यांवर तुला भाग करायचाय ना? तो लोकांना ऐकावासा वाटणार जुलैच्या मध्यात. पण तेव्हा तुझा कंडक्टर पंढरपूरच्या ड्युटीवर असणार, त्याला श्वास घ्यायला वेळ नसेल. गणपतीत कोकणच्या गाड्यांचं तेच, दिवाळीत तेच. तुझी माणसं गर्दीतच कामाला जुंपलेली असतात, आणि तुला त्या गर्दीचीच गोष्ट हवी असते. तेव्हा आषाढीचं जूनमध्ये रेकॉर्ड करायचं, गणपतीचं जुलैअखेर. शिवाय तुझ्या खोलीवर पत्रा आहे. एकदा पाऊस धरला की पत्र्याखाली तू काय रेकॉर्ड करणार, कपाळ?

हे काही मोबाइलवाल्या पोरांनी काढलेलं खूळ नाही बरं का. आकाशवाणीवर कार्यक्रम तीन तीन महिन्यांचे आधी आखले जात आलेत. दिवाळी अंकाचं बघ. का. र. मित्रांनी 1909 ला 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालली आहे, आणि आजही दिवाळीचा अंक हवा असेल तर संपादक उन्हाळ्यातच लेखकांच्या मागे लागतात. फराळाच्या वासात लेख मागून अंक निघत नाही.

आणि वार. वार सोडू नकोस. आई अजून सांगते, बिनाका गीतमाला म्हणजे बुधवार, रात्री आठ, रेडिओ सिलोन. 1952 ला सुरू झालेला कार्यक्रम, पण अमीन सयानींच्या आवाजाइतकाच तिला तो वार आठवतो. त्या दिवशी भाकऱ्या आठच्या आत उरकायच्या. माझा बुधवार तिथूनच उचललेला आहे, कुणाला सांगू नकोस. 2024 ला गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा मी घाबरले होते, माझे कितीतरी ऐकणारे तिथेच होते. महिन्याभराने एका आजींनी नातवाकडून निरोप पाठवला: बुधवार आला आणि तू आली नाहीस, म्हणून याला दुसरीकडे शोधायला लावलं. आजींना ॲपचं नावसुद्धा माहीत नव्हतं. वार माहीत होता. तू मात्र एप्रिलमध्ये गुरुवार, मग "या वेळी शनिवारी हं", मग एक आठवडा गायब. अशाने तुला कोण शोधत येणार?

खरी गोष्ट मात्र आता सांगते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठव. दर चार तासांनी थेंब, तू रात्रीचे घालायचीस, मी दिवसाचे. पंधरा दिवस मी माइकला हात लावला नाही. पण त्या दोन्ही बुधवारी माझे भाग बाहेर पडले, एक कुरडयांचा, एक गोधडीच्या टाक्यांचा. तुला कळलं तरी का? माझ्याच घरात राहून तुला कळलं नाही, मग श्रोत्यांना कुठून कळणार! ते दोन्ही नोव्हेंबरात करून ठेवले होते. बेगमी, दुसरं काय. वेळापत्रक लागतं ते अशा आठवड्यांसाठी. चांगल्या आठवड्यात त्याच्यावाचूनही निभतं.

बेगमी कशाची करायची ते मात्र कळायला हवं. पापड-कुरडया वर्षभर टिकतात, कोथिंबिरीची वडी टिकत नाही. मुक्कामाच्या गाडीची गोष्ट केव्हाही चालते, ती डब्यात ठेव. भाडेवाढ, नवीन गाड्या, कुठल्या स्टँडची पडझड हे नाशवंत, त्याच आठवड्यात वाढायचं. कायम तीन टिकाऊ भाग तयार असू देत. एक वापरला की महिन्याभरात तो भरून काढायचा. आणि जोरात येऊन एका दिवशी चार रेकॉर्ड करायला जाऊ नकोस. दोनच. तिसऱ्याला घसा बसतो, आणि चौथ्यात आपण पाहुण्याचं ऐकतच नाही, नुसती मान डोलावतो. माझे असे दोन भाग आहेत, नाव सांगणार नाही.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. सहा भाग एका पानावर लिहून बघ, म्हणजे ताट दिसतं. एकेक पदार्थ करताना कळत नाही की उजव्या बाजूला सगळ्या भाज्याच झाल्यात आणि डावीकडे चटणी नाही, कोशिंबीर नाही, मिठाची जागाही रिकामी. तुझे मागचे सहा मी काल लिहून काढले. सहाही पुरुष, त्यातले पाच निवृत्त, आणि सगळ्यांचा सूर "आमच्या वेळी असं नव्हतं". अगं, एसटीत बायका कंडक्टर आहेत की! वर्कशॉपमध्ये हात काळे करणारी माणसं आहेत, पासाच्या रांगेतल्या शाळकरी पोरी आहेत, जूनमध्ये तर त्यांचाच हंगाम. हे तुला सुचत नाही असं नाही. एकेक भाग तहान लागल्यावर खणलेल्या विहिरीसारखा केलास, म्हणून दिसलं नाही.

सगळे चौकोन भरू नकोस पण. मी महिन्याला एक बुधवार रिकामा ठेवते, तिथे नुसतं प्रश्नचिन्ह. कुणी अचानक भेटतं, काहीतरी घडतं, त्याला जागा नको? भरगच्च वेळापत्रकाचा मला स्वतःला जाच होतो, मग मी त्याच्याकडे बघणंच बंद करते. आणि अगदीच झेपेना झालं तर सरळ सांगून सुट्टी घे, "आता दिवाळीनंतर भेटू" म्हण. या क्षेत्रातली मंडळी 'पॉडफेड' म्हणतात, म्हणजे पॉडकास्ट हळूहळू विझत जाणं. न सांगता विझायचं तेवढं करू नकोस.

तर आता हे कर. आषाढीचा भाग 16 जुलैच्या गुरुवारी धर, कोकणच्या गाड्यांचा 10 सप्टेंबरच्या. 1 जून गेला तो गेला, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर पहिली खूण तीच कर. येत्या गुरुवारसाठी मुक्कामाच्या गाडीवाले काका घे, तू कधीपासून म्हणतेयस. पंधरा दिवसांचा हिशेब या वेळी बसणार नाही, चालेल. आज शुक्रवार, काका आज मुक्कामाला असतील. जेवण झालं की ते देवळाच्या पारावर येऊन बसतात, गावात रेंज तेवढीच, हे तूच सांगितलं होतंस. साडेआठला फोन लाव. आणि आधी पंखा बंद कर.