ग्रहण पाहावे, पण कुठे, कधी आणि कसे?

25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळतीला असताना खंडग्रास ग्रहण लागले होते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी जेऊरच्या माझ्या दवाखान्यात दहावीतला एक मुलगा आपल्या आजीबरोबर आला. तक्रार विचित्र होती. पुस्तकातल्या ज्या अक्षराकडे तो बघे, नेमके तेच अक्षर नाहीसे होई. आजूबाजूची अक्षरे मात्र दिसत. डोळा लाल नाही, पाणी नाही, दुखणे नाही. मी विचारले, "ग्रहण बघितलेस का रे?" तो खाली मान घालून म्हणाला, "बघितलं डॉक्टर, पण एक्स-रेच्या फिल्ममधून बघितलं." आजी म्हणाल्या, "मी सांगत होते, ग्रहणात बाहेर जाऊ नये. आता घ्या!"

आजींचे म्हणणे अर्धे खरे होते. मुलाला इजा झाली होती हे खरे, पण ती ग्रहणाने नव्हे, सूर्याने केली होती. ग्रहण नसतानाही कोणी सूर्याकडे टक लावून पाहिले तर तेच होईल. एरवी आपण तसे पाहत नाही, कारण डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात प्रकाश मंदावतो, डोळा दिपत नाही, बाहुली थोडी मोठी होते आणि कुतूहलापोटी माणूस पाहतच राहतो. सारा घोटाळा इथेच आहे.

मी डोळ्यांचा तज्ज्ञ नाही. त्या मुलाला मी सोलापूरला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्याची हकीकत शेवटी सांगतो. पण जेऊरमध्ये बसून ग्रहणावर लिहायचे म्हटले की आधी आपल्याच गावाची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण नव्या पिढीला ती ठाऊक नाही. (आपल्या जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यातही एक जेऊर आहे. मी म्हणतो ते करमाळा तालुक्यातले, रेल्वे स्टेशनचे जेऊर.)

22 जानेवारी 1898, शनिवार, पौष अमावास्या. त्या दुपारी जेऊरला खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची गडद सावली कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि देश, वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे बिहारच्या दिशेने गेली. हा पट्टा शंभर किलोमीटरपेक्षाही कमी रुंदीचा होता. पुणे त्याच्या बाहेर राहिले, सोलापूर शहरही बाहेरच राहिले. जेऊर मात्र आत होते, वर रेल्वेचे स्टेशन, आणि जानेवारीत आपल्याकडचे आकाश कसे कोरडे व निरभ्र असते हे मी सांगायला नको. म्हणून अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन जेऊरला आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपला सरंजाम घेऊन इथेच आले. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याकडे होती. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगची साथ चालू होती, आदल्या वर्षीचा दुष्काळ लोक विसरले नव्हते, तरी माणसे यंत्रांच्या पेट्या घेऊन आली. हा सारा खटाटोप दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी! विजयदुर्गाच्या किल्ल्यावर त्याच दिवशी नॉर्मन लॉकियर होते. हेलियमचा शोध त्यांनी विजयदुर्गावर लावला असे आपल्याकडे वारंवार छापून येते, पण त्याच्या खुणा सापडल्या 1868 साली, आणि लॉकियर विजयदुर्गावर आले 1898 साली.

या गोष्टीतून आरोग्याच्या दृष्टीने एकच मुद्दा घ्यायचा. खग्रास ग्रहण हे पट्ट्यात उभे राहणाऱ्यालाच दिसते. पट्ट्याबाहेर, मग ते दहा किलोमीटर का असेना, ग्रहण खंडग्रासच. आणि नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्याची मुभा फक्त खग्रासच्या त्या मोजक्या मिनिटांत आहे. पंचांगात स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष अशा वेळा दिलेल्या असतात. सोलापूरचे दाते पंचांग घरोघरी असते, त्यात पाहावे. संमीलन म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाण्याचा क्षण, उन्मीलन म्हणजे पहिला किरण पुन्हा बाहेर पडण्याचा क्षण. या दोहोंच्या मधल्या वेळात चंद्राभोवती पांढरा प्रभामंडल उघड्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि तो तसाच पाहायचा असतो. हिऱ्याच्या अंगठीसारखा ठिपका चमकला की चष्मा पुन्हा डोळ्यांवर. स्पर्शापासून संमीलनापर्यंत आणि उन्मीलनापासून मोक्षापर्यंत संरक्षण हवेच. खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात ही मोकळीक एक सेकंदही मिळत नाही.

"शंभरातले नव्व्याण्णव टक्के झाकले गेले, मग उरले काय?" असे लोक विचारतात. हिशेब करून पाहा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी असतो. त्याचा एक टक्का उरला तरी तो चार हजार चंद्रांइतका झाला, आणि तो सगळा एका बारीक कोरीत एकवटलेला. डोळ्याचे भिंग त्या कोरीची प्रतिमा नेमकी दृष्टिपटलाच्या मधल्या बिंदूवर आणून ठेवते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे ही कामे याच बिंदूची. तिथल्या पेशींना प्रकाशाने, त्यातही निळ्या प्रकाशाने, रासायनिक इजा होते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून चटका बसला तरी माणसाला पत्ता लागत नाही. त्रास कळतो तो काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. लहान मुलांचे भिंग अधिक स्वच्छ असते, प्रकाश जास्त आत जातो, म्हणून त्यांना अधिक जपायचे.

यावर खात्रीचे औषध नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. बऱ्याच जणांची नजर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. घरी तपासायचे असेल तर गणिताची चौकटीची वही घ्या, मध्ये पेनाने एक ठिपका द्या, एक डोळा हाताने झाका आणि दुसऱ्याने ठिपक्याकडे बघा. मग दुसरा डोळा. ठिपका दिसत नसेल, रेषा वाकड्या दिसत असतील किंवा मधली चौकट गळाली असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. नुसते ड्रॉप टाकून वाट पाहू नका.

आता साधनांविषयी. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, फोटोची निगेटिव्ह, जुनी फ्लॉपी, सीडी, एकावर एक घातलेले दोन गॉगल, यांपैकी काहीही चालत नाही. यातून सूर्य सौम्य दिसतो आणि तोच धोका. जुन्या लेखांत एक्स-रे फिल्म दुमडून वापरा असे लिहिलेले आढळते. तो सल्ला आता मागे पडला आहे. परातीत पाणी घेऊन त्यात ग्रहण पाहण्याची आपली चाल तर सर्वांना निर्धोक वाटते. सूर्य डोक्यावर असताना पाणी पन्नासातला सुमारे एक भाग प्रकाश परत फेकते, आणि सूर्य कलला की त्याहून कितीतरी जास्त. चांगल्या ग्रहण-चष्म्यातून मात्र सुमारे एक लाखांश प्रकाशच आत येतो. फरक लक्षात यावा. थोडक्यात, परात भाकरीच्या पिठाला ठेवावी.

ग्रहण-चष्म्यावर आयएसओ 12312-2 असे छापलेले असावे, पण छापलेले आहे म्हणून डोळे झाकून विश्वास नको. चष्मा लावून घरातल्या ट्यूबलाइटकडे पाहा. ती ठळक दिसली तर तो चष्मा फेकून द्या. ओरखडा, सुईएवढे भोक किंवा घडी पडलेली असली तरी तेच. वेल्डिंगची काच चालते का, असे गॅरेजवाले विचारतात. 14 नंबरची चालते. पण हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळते ती 10 किंवा 11 नंबरची, ती पुरेशी नाही. आणि ग्रहण-चष्मा घालून दुर्बिणीला डोळा लावू नका. दुर्बिणीने गोळा केलेले ऊन चष्म्याची फिल्म क्षणात जाळून आत शिरते.

खर्च करायचाच नसेल तर सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहावे. पुठ्ठ्याला दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडा आणि त्यातून येणारे ऊन सावलीतल्या पांढऱ्या कागदावर घ्या. अंतर एक मीटर असेल तर सूर्याचे चित्र सुमारे एक सेंटिमीटरचे पडते. याहून मजेचा उपाय म्हणजे आरसा. छोट्या आरशावर कागद चिकटवून मध्ये बोटाच्या नखाएवढे भोक ठेवा आणि त्याचा कवडसा दाराआडच्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर टाका. दहा मीटरवर जवळपास नऊ सेंटिमीटरचा, चावलेल्या भाकरीसारखा सूर्य भिंतीवर येतो आणि सगळी शाळा तो एकदम पाहू शकते. आरशात डोकवायचे नाही आणि कवडसा कोणाच्या तोंडावर मारायचा नाही, एवढेच. काहीच नसेल तर चिंचेच्या किंवा लिंबाच्या झाडाखाली जा. पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी पडलेल्या असतात.

कधी आणि कुठे, हा प्रश्न उरतो. माझ्या आठवणीतली ग्रहणे अशी: 16 फेब्रुवारी 1980 चे खग्रास कर्नाटकातून, हुबळी-रायचूरवरून गेले. आपल्याकडे ते खंडग्रास होते आणि लोक दारे लावून बसले होते. 24 ऑक्टोबर 1995 चे राजस्थानपासून बंगालपर्यंत स्वच्छ दिसले. 11 ऑगस्ट 1999 आणि 22 जुलै 2009 ही दोन्ही भर पावसाळ्यात आली आणि ढगांनी पुष्कळांची निराशा केली. 1898 ला जेऊर का निवडले, ते यावरून पटते.

2 ऑगस्ट 2027 रोजी, आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्याच्या अवसेला, मोठे खग्रास आहे. आपल्याकडे ते दुपारनंतर, खंडग्रास, आणि सूर्याचा थोडाच भाग झाकणारे. शिवाय पावसाळा. खग्रासचा पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त आणि सौदी अरेबियावरून जातो. इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास सहा मिनिटांहून अधिक टिकेल. आखाती देशांत नोकरीला असलेली आपली मंडळी पुष्कळ आहेत. जेद्दा, मक्का या पट्ट्यात येतात. तिथे भर दुपार असेल आणि ऑगस्टचे ऊन असेल, तेव्हा सावलीत थांबावे, डोके झाकावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. डोळा वाचवून उष्माघात नको. 21 मे 2031 ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आहे, म्हणजे चष्मा शेवटपर्यंत. 20 मार्च 2034 चे खग्रास काश्मीर-लडाखकडून जाईल. आपल्याला ही दोन्ही खंडग्रासच दिसतील.

आता वेधाविषयी, कारण माझ्या दवाखान्यात डोळ्यांपेक्षा जास्त त्रास मी याचाच पाहिला आहे. सूर्यग्रहणाचा वेध चार प्रहर आधी लागतो. दुपारनंतरचे ग्रहण असेल तर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उपास घडतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि खाल्ले नाही तर साखर उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि म्हातारे माणूस देवघरातच कोसळते. गोळी टाळली तर साखर चढते. तेव्हा या रुग्णांनी वेळेवर जेवावे आणि औषध घ्यावे. हे मी शास्त्राविरुद्ध सांगत नाही. बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना पंचांगातही वेधाची सवलत दिलेली असते, ती ओळ घरातल्या थोरांना वाचून दाखवावी.

गरोदर सुनेला ग्रहणात अंधाऱ्या खोलीत बसवतात, विळीला हात लावू देत नाहीत, नाहीतर बाळाचा ओठ फाटका होतो म्हणतात. बाळाचा ओठ गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो. पुष्कळदा तेव्हा दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते. सातव्या-आठव्या महिन्यात भाजी चिरल्याने जुळलेला ओठ उसवत नाही. आजोळी किंवा घराण्यात तसे कोणी असेल तर डॉक्टरांना सांगा आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासून सुरू करा. पाण्यावाचून सहा-सात तास कोंडून घेतल्याने मात्र गर्भवतीला चक्कर येते, लघवीची जळजळ होते. हे मी पाहिले आहे.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. चार महिन्यांनी त्याचा उजवा डोळा पूर्ववत झाला. डाव्यात बारीक डाग राहिला आहे. वाचायला अडचण नाही, सायकल चालवतो, शेतात काम करतो. पण जेऊरच्या पोरांसारखेच त्यालाही रेल्वेच्या इंजिनावर जायचे होते, आणि त्या नोकरीच्या तपासणीत दोन्ही डोळे स्वतंत्रपणे चोख लागतात. परवा आजी रक्तदाबाची गोळी न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, पुढच्या ग्रहणाला तो आरसा कसा लावायचा ते त्याला शिकवा. गल्लीतल्या पोरांना तो दाखवणार म्हणतोय." मी आरसा आणि कागद काढून ठेवला आहे.