आधी जुनं पाकीट उसवून बघ

अगं छोटी, काल तू फोनवर भरभर बोलत होतीस आणि मी नुसती हो-हो करत होते, कारण गॅसवर दूध होतं. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. आईच्या साठीची दीडशे निमंत्रणं, आणि पाकिटं सगळीच्या सगळी घरी करायची! तुझी हौस मला मोडायची नाही. पण दीडशे करू नकोस. वीस कर. बाकीची औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानातून साधी, चांगल्या कागदाची आण.

वीस कुणाची, ते तुला माहीतच आहे. आईची पैठणची मावशी. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, ज्या अजून एकमेकींची पत्रं कपाटात साड्यांच्या खाली ठेवतात. ज्यांच्याकडे पाकीट जपलं जाणार, त्यांच्यासाठी हात दुखव. सोसायटीतले लोक पत्रिका बघून तारीख मोबाइलमध्ये टाकतील, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या पाकिटांपायी तू रात्री जागवू नयेस, एवढंच.

आता निवडायचं कसं ते सांगते. दुकानात गेलं की आपण आधी रंग बघतो आणि तिथेच फसतो. पत्रिका छापून हातात येईपर्यंत पाकीट घ्यायचंच नाही. मग पत्रिका मोजायची आणि चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक धरायची. एवढी मोकळीक नसली की पत्रिका आत सरकवताना कोपरे दुमडतात. फार सैल झालं तर ती आत खुळखुळते आणि पाकिटाची कड फाडते. साधं पत्र असेल तर ए-फोर कागदाच्या तीन घड्या 11 बाय 22 सेंटिमीटरच्या लांबट पाकिटात नीट बसतात. तोच कागद एकदा मधोमध दुमडला तर साधारण 16 बाय 23 चं पाकीट लागतं. प्रमाणपत्रासारखं न दुमडायचं काही असेल तर 23 बाय 32.5 चं घ्यायचं. तुझी पत्रिका 10 बाय 15 ची आहे, म्हणजे फोटोच्या मापाची. तुझं काम सोपं आहे.

घरी करायचं तर कुठलाही व्हिडिओ बघण्याआधी एक जुनं पाकीट उसव. बाबा करायचे ते आठवतं? लग्नपत्रिकांची पाकिटं ते कधी फाडायचे नाहीत. वाफेवर धरून चिकटवलेली कड सैल करायचे, तिच्याखालून स्टीलची पट्टी हळूच सरकवायचे आणि पाकीट टेबलावर सपाट पसरायचे. मग तेच उलटं दुमडून, कोरी बाजू बाहेर काढून पुन्हा चिकटवायचे. मी तेव्हा त्याला काटकसर समजायचे. आता वाटतं, त्यांच्या शेजारी बसून आपण पाकीट शिकलो. कुठली झडप आधी आत जाते, कुठली वरून येते, कोपऱ्यातला कागद कुठे कापून टाकलेला असतो, हे उसवलेल्या पाकिटावर स्वच्छ दिसतं. ब्लाउज शिवायला शिकताना जुना उसवून बघतात ना, तसंच. तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतलास की झाला तुझा साचा.

आणि साच्याचाही कंटाळा आला तर हे कर. ए-फोर कागदातून 21 सेंटिमीटरचा चौकोन काप. एक कोपरा समोरच्या कडेला तिरपा नेऊन जुळवला की उरलेली पट्टी आपोआप दिसते. चौकोन टोक वर करून ठेव, मधोमध पत्रिका आडवी ठेव. आधी डावी-उजवी टोकं आत घे, मग खालचं वर घे आणि फक्त त्याच्या दोन तिरक्या कडांना खळ लाव. वरचं टोक म्हणजे झाकण. घड्यांच्या कोपऱ्यांत कागदाचे चार छोटे त्रिकोण जमतात, ते कातरीने काढून टाक, नाहीतर पाकीट कोपऱ्यात फुगतं. घडी बोटाने दाबू नकोस. आधी पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने रेघ ओढ, मग दुमड. म्हणजे जाड कागदाची घडी तडकत नाही.

कागद कुठला, असं विचारशील. या वीस जणींसाठी तरी कागजीपुऱ्याचा आण. वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला मागे टाकला की खुलताबादच्या आधी ते गाव लागतं. किती वेळा पुढून गेलो आपण, उतरलो कधीच नाही. मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हापासून तिथे हाताने कागद होतो, असं सांगतात. चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, जाळीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची, ही तिथली जुनी रीत. पेशव्यांच्या दप्तरात जुन्नरीबरोबर दौलताबादी कागदाचंही नाव येतं. त्या काळी पत्र गुंडाळून लाखेने बंद केलं की तो लाखोटा, आणि दरबारी पत्र थैलीतून जायचं तो खलिता. पत्राला झाकायची कदर आपल्याकडे आधीपासून आहे बघ. चिंध्यांचा कागद लवकर पिवळा पडत नाही, ठिसूळही होत नाही. मावशीच्या कपाटात तो टिकेल.

त्याची एक खोड मात्र लक्षात ठेव. नीट न घोटलेल्या हातकागदावर शाई पसरते. पत्ता लिहिण्याआधी उरलेल्या पट्टीवर दोन अक्षरं लिहून बघ. शाई फुटली तर सरळ बॉलपेन घे. त्या कागदाची कड ओबडधोबड असते, ती झाकणाच्या टोकाला ठेव, कापू नकोस. तीच त्याची शोभा.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. एक चमचा पीठ, पाच चमचे गार पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. रंग जरा पारदर्शक झाला की उतरव. चिमूटभर तुरटी टाकलीस तर दोन-तीन दिवस टिकते. बाइंडर लोक मोरचूद घालतात, तू घालू नकोस, ते विष आहे आणि घरात बाळ आहे. खळ पातळ लाव आणि पाकिटं वहीच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबून ठेव. आपल्याकडच्या मेच्या उन्हात उघडी ठेवलीस तर खळ चटकन वाळते आणि कागद पापडासारखा वाकतो.

पोस्टाने पाठवणार असशील तर वजनाकडे बघ. हे मी चुकून शिकलेय. दादाला एकदा तीन पानांचं पत्र स्वतः केलेल्या जाड पाकिटात घालून पाठवलं, वर पाच रुपयांचं तिकीट लावलं. साधा ए-फोर कागद 5 ग्रॅमचा, म्हणजे तीन पानं 15 ग्रॅम. 150 जीएसएमच्या कागदाचं ते पाकीट साडेसहा ग्रॅम. पाच रुपयांत 20 ग्रॅमच जातात. पत्र नॉटपेड झालं आणि तुटीच्या दुप्पट पैसे दादाने भरले. मला आजही त्याची चुटपुट लागते. तुझी एक पत्रिका त्या मापात सहज जाईल, पण सोबत चिठ्ठी, अक्षता, वाळलेली फुलं असं काही घालणार असलीस तर आधी काट्यावर ठेव. मणी-टिकल्या मात्र पाकिटाच्या वर चिकटवायच्याच नाहीत. शिक्का मारताना कागद फाटतो.

पत्त्यात पिनकोड घालच. 15 ऑगस्ट 1972 पासून तो आहे, आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर पोस्टखात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात कविताही लिहायचे. मला हे फार आवडतं. पहिल्या तीन आकड्यांत पत्र कुठल्या भागात जायचं ते ठरतं, शेवटच्या तीनांत कुठल्या पोस्टात ते. शहराचं नाव बदललं, पण 431001 तेच राहिलं, म्हणून मावशी अजून औरंगाबाद लिहिते तरी तिचं पत्र आपल्याकडे येतंच. तू पूर्ण छत्रपती संभाजीनगर लिही, दोन ओळींत, कोंबून नको. उजवा वरचा कोपरा तिकिटाला मोकळा सोड.

हळदी-कुंकवाची बोटं पाकिटाच्या कोपऱ्यावर तू नको लावूस, आईला लावू दे. दीडशेच्या दीडशेंवर. तिला वेळ लागेल, मध्येच कुणाची तरी आठवण सांगत बसेल, तू घाई करू नकोस.

रविवारी सकाळी ये. येताना स्टीलची पट्टी आण, माझी पट्टी बाळाने वाकवलीय. बाबांनी उलटवलेलं एक पाकीट माझ्याकडे अजून आहे. त्यावरून पुठ्ठ्याचा साचा काढू.