वर्गमित्रच जेव्हा शिकवितो

पेडणे तालुक्यातील पार्से, तुये, आगरवाडा यांसारख्या गावांत शिक्षणाची गंगा खऱ्या अर्थाने पोहोचली ती गोवा मुक्तीनंतर. डिसेंबर १९६३ मध्ये श्री. दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आजचा प्रश्न निराळा आहे. खेड्यांतील पुष्कळ शाळांची पटसंख्या रोडावली असून पहिली ते चौथीचे वर्ग एका किंवा दोन शिक्षकांना एकाच वेळी सांभाळावे लागतात. तिसरीचे गणित चालू असता पहिलीच्या मुलांनी काय करावे? बहुधा ती पाटीवर गिरवीत बसतात आणि जे मूल मागे पडते ते मागेच राहते.

यावर एक जुनाच उपाय आहे. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेवर १७८९ मध्ये डॉ. अँड्र्यू बेल यांची नेमणूक झाली. देशी शाळांतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना त्यांनी पाहिली आणि आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याकडे लहानग्यांना मुळाक्षरे शिकविण्याचे काम सोपविले. १७९७ मध्ये त्यांनी हा वृत्तांत लंडनला प्रसिद्ध केला, आणि ‘मद्रास पद्धती’ म्हणून ती इंग्लंडात गाजली. आपल्या पंतोजींच्या धूळपाटीशी हिचे नाते सांगावयास नको. मात्र पुढे शेकडो मुलांमागे एकच शिक्षक ठेवून खर्च वाचविण्याचे ते साधन बनले, घोकंपट्टी वाढली आणि पद्धती बदनाम झाली. हा इतिहास अधिकाऱ्यांनी विसरू नये. रिकाम्या पदावर विद्यार्थी बसविणे म्हणजे सहाध्यायी शिक्षण नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ते ऐच्छिक, आनंददायी आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली असावे, असेच म्हटले आहे.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे करावे? समजा, बावन्नातून सत्तावीस वजा करावयाचे आहेत आणि एका मुलाचे उत्तर पस्तीस आले. सातातून दोन काढणे त्याला सोपे वाटले, म्हणून त्याने अंकच उलटे वजा केले. शेजारच्या मुलीने ‘चूक, पंचवीस लिही’ असे सांगितले तर ते शिकविणे नव्हे, ती नक्कल होय. तिने प्रथम विचारावे, ‘तू कसे केलेस ते दाखव.’ मग माडाच्या हिरांच्या दहादहाच्या पाच जुड्या व दोन सुटे हीर त्याच्यापुढे ठेवावेत आणि सत्तावीस काढावयास सांगावे. सुट्या दोहोंतून सात निघत नाहीत, हे त्याच्या हातालाच कळते. मग तो आपणहून एक जुडी सोडतो. हीर मोडण्याचे काम मात्र त्याचेच. तिने हात लावू नये. हा संयम मुलांना आपोआप येत नाही. शिक्षकाने एकदा स्वतः एका मुलाशेजारी बसून तो साऱ्या वर्गाला दाखवावा लागतो.

आणखी एक लाभ आमच्या मते सर्वांत मोठा आहे. मूल घरी बोलते ती पेडण्याची बोली. पुस्तकाची भाषा निराळी. ‘हातचा’ म्हणजे काय, हे मित्र घरच्या बोलीत दोन वाक्यांत सांगून जातो. शिवाय गुरुजींना विचारण्यास संकोचणारे मूल मित्राला तीनदा विचारते.

काही पालक कुरकुरतात की, आमची मुलगी शिकावयास जाते की शिकवावयास? त्यांची शंका अगदीच निराधार नाही. तीच हुशार मुलगी रोज कामाला जुंपली गेली तर तो तिच्यावर अन्यायच होय. परंतु दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याच ज्ञानातील फट उघडी पडते, असा अनुभव कोणत्याही शिक्षकाला असतो. म्हणून जोड्या बदलत राहाव्यात. गणितात मागे असलेला मुलगा झाडेपाने ओळखण्यात किंवा चित्रकलेत पुढे असेल. तेथे त्याने शिकवावे.

आरंभी आठवड्यातून दोन दिवस, पंधरा मिनिटे पुरेत. वेळ संपल्यावर फळ्याजवळ शिकविणाऱ्याला नव्हे, तर शिकणाऱ्याला बोलवावे आणि नवे उदाहरण द्यावे. ते चुकले तर त्या जोडीला न रागावता शिक्षकाने तो धडा स्वतःच पुन्हा घ्यावा.