४.३ फ्रँचायझी, सेवामानके आणि काउंटरमागची भाषा

मागील उपघटकात आपण कार्यालयीन मराठीतील साचेबद्धपणा पाहिला. असा साचा दुकानातल्या तोंडी व्यवहारापर्यंत कसा पोहोचतो, हे आता मॅकडोनाल्ड्सच्या उदाहरणावरून पाहू.

१९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या बंधूंनी आपल्या उपाहारगृहातील पदार्थांची यादी छाटली आणि स्वयंपाकघरात कारखान्यासारखी कामाची विभागणी केली. मिल्कशेकची यंत्रे विकणारे रे क्रॉक १९५४ मध्ये तेथे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे आपले दुकान उघडले आणि १९६१ मध्ये २७ लाख डॉलर देऊन बंधूंचे हक्क विकत घेतले.

‘फ्रँचायझी’ला मराठीत ‘मक्ता’ म्हणावे काय? मक्तेदार ठरलेली रक्कम भरतो व पुढे बहुधा आपल्या मर्जीने धंदा करतो. फ्रँचायझीधारक भांडवल स्वतःचे घालतो, जोखीमही स्वतःच पत्करतो. मर्जी मात्र कंपनीची चालते. म्हणून मूळ शब्दच ठेवणे मला इष्ट वाटते. क्रॉक यांचे सहकारी हॅरी सॉनेबॉर्न यांनी तर जागा कंपनीने घेऊन ती फ्रँचायझीधारकास भाड्याने देण्याची योजना आखली. मानके मोडणाऱ्याच्या पायाखालची जमीन अक्षरशः कंपनीच्या हाती राहिली.

ही मानके लिखित होती, हे भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे. फ्रेड टर्नर यांनी कामकाजाची पुस्तिका सिद्ध केली. मांसाच्या वड्या एका पौंडात दहा, अशी तिची भाषा. आपल्या पाककृतींत ‘चवीपुरते मीठ’ असते. तो शब्दप्रयोग करणाऱ्याच्या हातावर विश्वास टाकतो. पुस्तिका तो विश्वास काढून घेते आणि त्याबदल्यात नवख्यालाही काम लवकर साधते. गंमत अशी, की बिग मॅक हा प्रसिद्ध पदार्थ मुख्यालयात जन्मला नाही; तो जिम डेलिगाटी या पेनसिल्व्हेनियातील फ्रँचायझीधारकाने काढला. १९९६ मध्ये कंपनी भारतात आली, तेव्हा गोमांस व डुकराचे मांस तिने वगळले. मानके अढळ असतात, असे समजण्याचे कारण नाही.

पदार्थाचे माप ठरवणे सोपे. बोलण्याचे माप ठरवले, की प्रश्न अवघड होतो. रॉबिन लीडनर यांनी ‘फास्ट फूड, फास्ट टॉक’ (१९९३) या ग्रंथात याच विषयाचा अभ्यास केला आहे. अभिवादन, मागणी, आणखी एखाद्या पदार्थाची सूचना, आभार असा क्रम कर्मचाऱ्याला नेमून दिलेला असतो. मनात नसलेले हसू त्यातच आले. तथापि संतापलेल्या ग्राहकासमोर तेच ठरीव वाक्य ढालीसारखे उपयोगी पडते, कारण अपमान वाक्याचा होतो, बोलणाऱ्याचा थोडा कमी. आपल्यापैकी जे दुकानात, बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये नोकरी करून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत, त्यांना याचा अनुभव असेलच.

स्वाध्याय : आपल्या कामाच्या ठिकाणी नेमून दिलेले एक वाक्य लिहा. तोच आशय आपण घरच्या बोलीत कसा सांगाल, तेही लिहा. दोहोंतील संबोधन, क्रियापद आणि आदरार्थी रूपे यांची तुलना दहा ओळींत करा.