संगणकावरील पहिली आज्ञावली : एडिटर व कंपायलर यांची मांडणी

(इयत्ता ६ वी ते ८ वी. तासिका तीन.)

पाठाची पार्श्वभूमी

इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान चिखली हे गाव वसले आहे. पंचक्रोशीत ते टाळगाव चिखली या नावाने ओळखले जाते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी व पुढे चाकण या भागांत कारखाने वाढत गेले. १९९७ साली चिखली महानगरपालिकेच्या हद्दीत आली. आज या पट्ट्यात सीएनसी लेथ असलेली लहानमोठी वर्कशॉप जागोजागी दिसतात, आणि लगतच्या हवेली, मावळ व खेड तालुक्यांतील शाळांत शिकणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरचे कोणी ना कोणी तेथे कामास जाते.

अशा वर्कशॉपात दोन प्रकारचे कामगार असतात. एक ऑपरेटर. तो जॉब लावतो, बटण दाबतो व तयार झालेला जॉब उतरवून घेतो. दुसरा सेटर. तो टूल बसवितो, प्रोग्राम यंत्रात भरतो, पहिला जॉब काढतो, तो व्हर्नियरने मोजतो, आणि माप चुकले असल्यास नेमके कोठे चुकले हे शोधून दुरुस्ती करतो. दोघांचेही काम श्रमाचे व प्रामाणिकपणाचेच. परंतु यंत्र अडले म्हणजे सर्वजण सेटरची वाट पाहतात. त्याचा मान व त्याचे वेतन ही दोन्ही या जाणतेपणातून येतात.

शाळेतील संगणकासंबंधी हाच भेद ध्यानी घ्यावयास हवा. तयार चित्रे रंगविणे, तयार खेळ खेळणे, दाखविलेले बटण दाबणे एवढ्यावरच शिक्षण थांबले, तर मुले संगणकाची केवळ ऑपरेटर होतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, आज्ञावली-लेखनाचा समावेश सुचविला आहे. तो खऱ्या अर्थाने साधावयाचा, तर आज्ञावली लिहिण्याची साधने मुलांच्या डोळ्यांदेखत मांडली जावीत, आणि ती का मांडली हे मुलांना सांगता यावे. साधनांची मांडणी हा पाठापूर्वीचा उपद्व्याप नसून पाठाचाच पहिला भाग होय.

दोन साधने, दोन कामे

एडिटर म्हणजे लिहिण्याची पाटी. तिच्यावर आज्ञावली लिहावी, खोडावी व जपून ठेवावी. पाटीला लिहिलेल्याचा अर्थ कळत नाही. कंपायलर म्हणजे भाषांतरकार. माणसास वाचता येईल अशा भाषेतील आज्ञावली तो वाचतो, व्याकरण तपासतो, आणि यंत्रास समजणाऱ्या अंकमय भाषेत तिचे रूपांतर करतो. हे रूपांतर निराळ्या फाईलीत साठविले जाते व तीच फाईल चालविली जाते.

भजनातील टाळाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. एका वाटीने टाळ वाजत नाही. दोन वाट्या एकमेकींवर पडाव्या लागतात. तद्वत केवळ एडिटर घेतल्याने आज्ञावली चालत नाही, व केवळ कंपायलर असून लिहावयास जागा नसेल तरीही काम होत नाही. नवशिक्यांचा सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. व्हीएस कोड हा लोकप्रिय एडिटर संगणकावर भरला जातो, त्यात आज्ञावली लिहिली जाते, आणि ती चालत नाही म्हणून संगणक बिघडला असा समज होतो. वस्तुतः व्हीएस कोड ही केवळ पाटी आहे. कंपायलर तिच्यासोबत येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो.

मुलांना थोडा इतिहासही सांगावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्या पिढीतील संगणकांना आज्ञा द्यावयाच्या त्या बहुधा यंत्राच्याच सांकेतिक भाषेत. भाषांतराचे हे कष्टाचे काम यंत्राकडूनच करवून घेण्याची दिशा अमेरिकेतील ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली दाखविली. पुढे १९७० नंतरच्या काही वर्षांत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही भाषा रचली. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीसीसी’ हा कंपायलर सर्वांस मुक्तपणे वापरण्यास दिला. त्यास मूल्य पडत नाही व त्याची प्रत दुसऱ्यास देण्यास बंदी नाही. खेड्यातील शाळेस ही गोष्ट लहान नव्हे.

पाठासाठी ‘सी’ भाषा निवडण्याचे कारण हेच की तिच्यात लिहिणे, भाषांतर करणे व चालविणे या तीन पायऱ्या स्वतंत्रपणे दिसतात. पायथॉनसारखी भाषा आरंभास सोपी आहे. परंतु तिच्यात भाषांतराची पायरी डोळ्यांआड होते.

मांडणी : शिक्षकांची पूर्वतयारी

संगणकावर उबुंटू अथवा तत्सम लिनक्स प्रणाली असल्यास काम सुलभ होते. प्रथम टर्मिनल उघडावे. टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकित करण्याची खिडकी. तेथे जी, सी, सी ही तीन लहान इंग्रजी अक्षरे, एक मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांस जोडून ‘व्हर्जन’ हा शब्द टंकित करावा. आवृत्तीचा क्रमांक दिसला तर कंपायलर आधीपासूनच आहे. न दिसल्यास ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ ही आज्ञा द्यावी. ‘सुडो’ म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने. म्हणून येथे सांकेतिक शब्द विचारला जातो. तो शिक्षकांनी स्वतःच भरावा. या कामापुरते इंटरनेट लागते. मोबाईलवरून जोडलेलेही चालते. त्यानंतर लिहिणे, भाषांतर व चालविणे यांपैकी कशासही इंटरनेट लागत नाही.

एडिटर म्हणून ‘जीएडिट’ किंवा ‘जीनी’ घ्यावा. दोन्ही हलके असून जुन्या संगणकावरही चालतात. लेख किंवा पत्रे लिहिण्याचे सॉफ्टवेअर मात्र या कामी वापरू नये. त्यात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे आपोआप येतात, अक्षरांच्या ठेवणीची माहितीही फाईलीत मिसळते, आणि कंपायलर ते वाचू शकत नाही.

विंडोज प्रणालीवर ‘कोड-ब्लॉक्स’ची जी प्रत ‘मिनजीडब्ल्यू’सह मिळते, ती घ्यावी. तिच्यात एडिटर व कंपायलर ही जोडी एकत्र असते. कंपायलर स्वतंत्रपणे बसविल्यास त्याचा पत्ता ‘पाथ’ नावाच्या यादीत नोंदवावा लागतो. आज्ञा मिळाली म्हणजे संगणक या यादीतील घरे एकामागून एक धुंडाळतो. पत्ताच नोंदविलेला नसेल तर अशी आज्ञा ओळखता येत नाही, असे उत्तर देतो. विंडोजवर आणखी एक जपणूक करावी. नोटपॅड फाईलीच्या नावापुढे कधी ‘टिंब टीएक्सटी’ हे शेपूट गुपचूप जोडतो. नावाचा शेवट ‘टिंब सी’ असाच झाला आहे, याची खात्री करावी. फाईलींची व फोल्डरांची नावे लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवणे इष्ट.

पहिली तासिका : पहिला जॉब

सेटिंग बरोबर झाले की नाही, हे पहिल्या जॉबवरून कळते. म्हणून पहिली आज्ञावली लहानात लहान असावी. ती फळ्यावर लिहावी व मुलांनी वहीत उतरवावी. पहिल्या ओळीत ‘एसटीडीआयओ टिंब एच’ ही शीर्षफाईल जोडून घेतली जाते. पडद्यावर मजकूर उमटविण्याच्या आज्ञेची ओळख कंपायलरला तिच्यातून होते. नंतर ‘मेन’ हा भाग येतो. आज्ञावलीचे काम येथून सुरू होते. महिरपी कंसात ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा, तिच्यापुढे गोल कंस, त्यात सरळ अवतरणचिन्हांमध्ये गावाचे नाव, आणि शेवटी अर्धविराम.

गावाचे नाव देवनागरीतही लिहिता येते. काही टर्मिनलांत काना, वेलांटी व जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात. तो दोष अक्षरे दाखविणाऱ्या खिडकीचा असतो, मुलाच्या आज्ञावलीचा नसतो, हे मुलास आवर्जून सांगावे.

फाईल जपून ठेवल्यावर टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरात यावे. ‘जीसीसी’, मग फाईलीचे नाव, मग आडवी रेघ व तिला जोडून ‘ओ’ हे अक्षर, मग तयार होणाऱ्या फाईलीचे नाव, अशी आज्ञा द्यावी. काहीच उत्तर आले नाही तर मुले गोंधळतात. येथे मौन म्हणजे संमती, असे समजावून द्यावे. लिनक्सवर तयार फाईल चालविताना तिच्या नावाआधी टिंब व तिरकी रेघ द्यावी. तिचा अर्थ ‘याच फोल्डरातील’ असा होतो. गावाचे नाव पडद्यावर उमटले म्हणजे पहिला जॉब मापात आला.

दुसरी तासिका : चुकांचे वाचन

या तासिकेस मुलांकडून मुद्दाम चुका करवून घ्याव्यात. मात्र एका वेळी एकच. एकाने अर्धविराम वगळावा, दुसऱ्याने कंस उघडाच ठेवावा, तिसऱ्याने अवतरणचिन्ह पुसावे. कंपायलरचे उत्तर इंग्रजीत येते, पण त्याची रचना ठरलेली असते. आधी फाईलीचे नाव, मग ओळीचा क्रमांक, मग त्या ओळीतील अक्षराचे स्थान, मग ‘एरर’ म्हणजे चूक किंवा ‘वॉर्निंग’ म्हणजे इशारा, आणि शेवटी कारण. इंग्रजीचे ज्ञान जेमतेम असलेले मूलही ओळीचा क्रमांक वाचून योग्य जागी पोहोचू शकते.

तीन नियम तक्त्यावर लिहून भिंतीवर लावावेत. पहिला, अनेक चुका दिसल्या तरी सर्वांत वरची प्रथम दुरुस्त करावी. पुष्कळदा खालच्या तिच्यातूनच निपजलेल्या असतात. दुसरा, दाखविलेल्या ओळीत दोष न आढळल्यास तिच्या आधीची ओळ पाहावी. तिसरा, एक दुरुस्ती करून लगेच पुन्हा भाषांतर करावे.

जुन्या वह्यांतून किंवा क्लासच्या टिपणांतून उतरविलेल्या आज्ञावल्यांत ‘कोनिओ’ ही शीर्षफाईल व पडदा पुसण्याची ‘सीएलआरएससीआर’ ही आज्ञा आढळते. १९८७ साली बाजारात आलेल्या ‘टर्बो सी’ची ती सोय होती. लिनक्सवरील जीसीसी ती ओळखत नाही. त्या ओळी काढून टाकाव्यात. मुलास दोष देऊ नये.

कंपायलरचा संदेश म्हणजे रागावणे नव्हे, ही या तासिकेची खरी शिकवण होय. लाल शाईला भिऊन वही लपविणारे मूल येथे दहा वेळा चुकते, दहा वेळा दुरुस्त करते, आणि कोणी त्यास हसत नाही.

तिसरी तासिका : व्हर्नियर कोणाच्या हाती?

आयताचे क्षेत्रफळ काढणारी आज्ञावली द्यावी. लांबी ८, रुंदी ५. एका गटास गुणाकाराच्या जागी मुद्दाम बेरजेचे चिन्ह लिहावयास सांगावे. कंपायलर तक्रार करीत नाही. आज्ञावली चालते व १३ हे उत्तर देते. खरे उत्तर ४० आहे. त्यानंतर ७ भागिले २ करून पाहावे. पूर्णांकांच्या भागाकारात ‘सी’ भाषा ३ हे उत्तर देते. बाकी १ हवी असल्यास टक्क्याचे चिन्ह वापरावे लागते. तिसरीत शिकलेला भागाकार व बाकी मुलांना येथे पुन्हा भेटतात.

यावरून मुलांनी स्वतः निष्कर्ष काढावा. कंपायलर व्याकरण तपासतो, हेतू तपासत नाही. यंत्र प्रोग्रामबरहुकूम चुकीच्या मापाचाही जॉब सफाईने कापते. तो चुकीचा आहे हे व्हर्नियर हाती असलेल्या माणसास कळते. म्हणून आज्ञावली चालविण्यापूर्वी अपेक्षित उत्तर पाटीवर काढावे व मग पडद्यावरील उत्तराशी ताडून पाहावे, हा शिरस्ता पहिल्या दिवसापासून लावावा.

मूल्यमापन व पुढील अभ्यास

गुण आज्ञावली चालली की नाही यावर देऊ नयेत. एडिटर व कंपायलर यांच्या कामातील भेद, चुकीच्या संदेशातील ओळीचा क्रमांक, आणि उत्तर तपासण्याची रीत या तीन गोष्टी मुलास आपल्या शब्दांत सांगता आल्या, तर पाठ साधला असे समजावे. वर्गात एकच संगणक असल्यास चौघांचा गट करावा. एकाने टंकित करावे, एकाने वाचून दाखवावे, एकाने संदेश वहीत उतरवावा, एकाने पाटीवर उत्तर काढावे. आणि दर आज्ञावलीस कामे बदलावीत. कळफलक एकाच चलाख मुलाच्या हाती राहणार नाही, आणि मुलीही तितक्याच वेळा त्याच्यापुढे बसतील, याकडे शिक्षकांचे लक्ष असावे.

शिक्षकांच्या स्वतःच्या अभ्यासासाठी मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात ‘सी’ भाषेचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही तयार केले आहेत. ते विनामूल्य असून, एकदा उतरवून घेतल्यास इंटरनेटविना पाहता येतात. पाठ थांबवीत, मागे नेत, शेजारी स्वतः टंकित करीत पाहावा.

संगणक बिघडेल या भीतीने तो कपाटात झाकून ठेवणे हाच त्याचा खरा बिघाड होय. चुकीच्या आज्ञावलीने सहसा फार तर ती आज्ञावलीच थांबते. यास्तव पहिल्या सत्रातच कपाट उघडावे, एक दिवस मांडणीस द्यावा, आणि त्या मांडणीच्या वेळी मुलांना भोवती बसवून घ्यावे.